शेळीने सोडलेलं झाड

माझी सगळी नोकरी रोपं तयार करण्यात गेली. पण देवळ्याकडची माणसं ज्या झाडामुळे मला अजून ओळखतात, त्याचं एकही रोप मला पिशवीत धड वाढवता आलं नाही. निवृत्त झाल्यावर अनुभव लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं.

आमचं घर नाशिकजवळच्या मखमलाबादकडचं, फुलशेतीचं. वडील गुलाब आणि शेवंती करायचे. मी शिकले, आणि पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या रोपवाटिकेत लागले. रोपवाटिका म्हणजे कुंड्या आणि कारंजी, असं पाहुण्यांना वाटायचं. प्रत्यक्षात आमचं काम म्हणजे माती चाळणं, शेणखत कालवणं, काळ्या पिशव्या भरणं आणि उन्हाळाभर पाण्याच्या टँकरच्या मागे लागणं. बी उगवून येतं, त्यात आमचं फारसं काही नसतं. खरं कसब पुढे असतं. लाडात वाढलेलं रोप हळूहळू सावलीतून उन्हात काढायचं, पाणी कमी करायचं, त्याला थोडं छळायचं. न छळता डोंगरावर पाठवलं, तर पहिल्या उन्हाळ्यात मान टाकतं.

गिऱ्हाइकंही यायची. एका गृहस्थांना बंगल्यापुढे लावायला झाड हवं होतं. सावली दाट हवी, पण पानं गळायला नकोत, मुळं पसरायला नकोत आणि त्यावर पक्षी बसायला नकोत. मी म्हटलं, ‘‘काका, मोठी छत्री घ्या.’’ ते रागावले नाहीत. शोभेचा ताड घेऊन गेले. एक बाई दरवर्षी तुळस न्यायच्या, कारण सासूबाई आणि त्या दोघीही एकमेकींना न सांगता पाणी घालायच्या. असली माणसं मला आवडायची. त्यांच्या झाडाचं बरं-वाईट मला कळायचं तरी. डोंगरावर पाठवलेल्या रोपांचं तसं नव्हतं. ट्रक भरून जायचे, लावल्याचे फोटो यायचे, आणि मग कोणी काही बोलायचं नाही.

म्हणून मी स्वतः जाऊन पाहायला लागले. त्यातूनच हे गाव भेटलं. देवळ्याच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्या दोघांबद्दल लिहिणार आहे ती दोघंही हयात आहेत आणि दोघांच्या घरात आता वाचणारं कोणी ना कोणी आहे.

गावाच्या वरच्या अंगाला एक बोडकी टेकडी. माती कधीच वाहून गेलेली, उरला होता लाल मुरूम. पावसाळ्यात तो मुरूम खाली यायचा तो थेट केदाआप्पांच्या वावरात. आप्पा कांदेवाले, शब्दाचे पक्के आणि रागाचेही पक्के. मुरूम साचलेल्या वाफ्यात कांदा पोसत नाही, गोटीएवढाच राहतो. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला गावाचा पाझर तलाव होता, तोही मुरमाने भरत चालला होता. आम्ही टेकडीला आडवे चर खणले, चरांच्या मातीवर शिसव, खैर, सीताफळ अशी रोपं लावली. पुढच्या उन्हाळ्यात गेले तर काड्या उभ्या होत्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली. पुन्हा काड्या.

आप्पांच्या मते हे सगळं हौसाबाईच्या शेळ्यांचं काम होतं.

हौसाबाई गावाच्या कडेला राहायची. जमीन नव्हती. नवरा गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचा आणि ही शेळ्या राखायची. एका वर्षी तिच्या शेळ्या आप्पांच्या कांद्याच्या रोपात घुसल्या होत्या. लागवडीआधी वाफ्यात वाढवलेली ती कोवळी पात असते; ती गेली की लावायला काही उरत नाही. तेव्हापासून आप्पा तिच्याशी बोलत नव्हते. समोर आली तर शेजारच्या माणसाला सांगायचे, ‘‘त्या बाईला म्हणावं, शेळ्या आवर.’’ ती दोन हातांवर उभी असली तरी.

दुसऱ्यांदा रोपं गेली, तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक झाली. आप्पा उठले. ‘‘मॅडम, तुम्ही कितीबी रोपं आना. वर शेळ्या हायेत तोवर काय उभं राहनार नाय. डोंगर बंद करा. चराईबंदी करा. मंग बघा.’’

बायकांच्या मागून हौसाबाईचा आवाज आला. एरवी ती आमच्याशी शाळेतल्यासारखं जपून बोलायची, पण त्या वेळी घरातली अहिराणी निघाली. ‘‘हाऊ डोंगर तुमना शे का, आप्पा?’’ हा डोंगर तुमचा आहे का. मग ती माझ्याकडे वळली. ‘‘ताई, डोंगर बंद केला तर शेळ्या कुठं नेऊ? आम्हाला वावर नाय. शेळ्या हायेत म्हनून पोरीची शाळा हाय.’’

आप्पा ग्रामसेवकाला म्हणाले, ‘‘त्या बाईला सांगा, डोंगर कुनाचाच नाय. पन खाली येतो तो माझ्या वावरात.’’

दोघंही खरं बोलत होते. आमच्या कामात सगळ्यात अवघड प्रसंग हाच. एक खोटा असला तर बरं असतं.

बैठक काही न ठरता उठली. मी पायवाटेने बसथांब्याकडे निघाले. हौसाबाई शेळ्या घेऊन पुढे चालली होती. भर उन्हाळा होता. शेळ्या बोरीची वाळकी पानं, हिवराच्या पडलेल्या शेंगा, जे मिळेल ते ओरबाडत होत्या. वाटेच्या कडेला, मुरमातच, कमरेएवढं एक हिरवंगार झुडूप पिवळ्या फुलांनी भरलेलं होतं. शेळ्या तिथे थांबल्या आणि हुंगून पुढे गेल्या.

मी विचारलं, ‘‘ह्याला का तोंड लावत नाहीत?’’

‘‘तरवड हाय तो. कडू लागत असंल. उपाशी ऱ्हातील, पन तरवड नाय खानार.’’

तरवड मी लहानपणापासून पाहत होते. आमच्या मळ्याच्या बांधावर होता. मुका मार लागला की आई त्याचा पाला वाफवून बांधायची. नवरात्रात घटावर त्याच्या फुलांची माळ चढायची. आजोबा त्याच्या काडीने दात घासायचे. पण एखादी गोष्ट इतकी रोजची असते की तिच्याकडे बघायचं राहून जातं. त्या दिवशी मी तिथेच उभी राहिले. पाणी नाही, माती नाही, राखण नाही, डोक्यावर ऊन, शेजारून शेळ्यांचा कळप गेलेला, आणि हे झुडूप फुललेलं. आणि मी दोन वर्षं ट्रकने काय आणत होते?

ऑफिसात सांगितलं, तेव्हा आमचे साहेब हसले. वाईट माणूस नव्हता, पण झाडाला काहीतरी प्रतिष्ठा असावी असं त्यांना वाटायचं. ‘‘तरवड? उद्या घाणेरी लावू म्हणाल. ना लाकूड, ना फळ, ना चारा.’’

‘‘चारा नाही म्हणूनच, सर,’’ मी म्हटलं.

ते म्हणाले, ‘‘एका बाजूला लावून बघा. ऑफिसच्या फळ्यावर फोटो लावू नका.’’

ज्यांना हे झुडूप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तरवड शेंगांच्या कुळातला. शेंग चपटी, वाळली की कागदासारखी वाजते. कमी पावसाच्या, उघड्या, खडकाळ जमिनीत तो सुखी असतो. काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात आणि दाट सावलीत कुरकुरतो. कातडी कमावणारे पूर्वी त्याची साल वापरायचे. विहिरीच्या मोटेचं कातडं त्याने मऊ आणि चिवट व्हायचं, असं वडील सांगायचे. फुलं सुकवून काढा करतात. साखरेच्या आजारावर त्याचा फार बोलबाला आहे. गुण किती येतो ते डॉक्टरांना विचारावं, मी माळीण आहे. शेंगांच्या कुळातला म्हणून जमिनीला नत्र देणाऱ्या गाठी मुळांवर असतील, अशा आशेने मी एक झुडूप उकरून पाहिलं. गाठी नव्हत्या. या बाबतीत तरवड भावकीला सोडून आहे. पण पाला भरपूर गाळतो, आणि मुरमावर पडलेला पाला ही मातीची सुरुवात असते.

मी हौसेने पिशव्या भरल्या. आणि इथेच माझी जिरली. तरवडाचं बी उगवलं की वर दोन पानं काढतं आणि खाली सुसाट सुटतं. वर वीतभर, तर खाली हातभर. मूळ पिशवीच्या तळाला टेकायचं, गोल फिरायचं, आणि असं रोप डोंगरावर लावलं की आठवड्यात मान टाकायचं. मोठ्या पिशव्या घेतल्या, लांबट नळ्या करून पाहिल्या. रोपवाटिकेत ज्या लाडाने आणि छळाने सगळी झाडं सुधारायची, त्याला हा बधला नाही. शेवटी कळलं, याला रोपवाटिकाच नको आहे. याचं बी थेट चरांच्या मातीवर टाकायचं.

बी विकत कुठेच मिळेना. ते कोण विकणार? मग गावातल्या बायकांना घेऊन वाटा, बांध, ओढ्याचे काठ फिरून शेंगा गोळा केल्या. हौसाबाई पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि आधी विचारलं, ‘‘हे लावल्यावर डोंगर बंद होनार?’’

‘‘नाही. शेळ्या खात नाहीत, तर बंद कशाला करायचा?’’

‘‘आप्पांसमोर सांगा.’’

मी आप्पांसमोर सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, ‘‘नाय उगवलं, तर बंदी.’’

बियांचं कवच दगडासारखं असतं. पाणी उकळून उतरवायचं, त्यात बी सोडायचं, निवलं की तसंच भिजत ठेवायचं. फुगलेलं घ्यायचं, न फुगलेलं पुन्हा भिजवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर चरांच्या कडेने टोचलं. पहिल्या वर्षी दिसायला काहीच नव्हतं; इथे तिथे हिरवे ठिपके. आप्पा वर येऊन बघून जायचे. उन्हाळा आला. मी पुन्हा टेकडीवर गेले. ठिपके होते. पुष्कळसे होते. शेळ्यांच्या लेंड्या त्यांच्या बाजूला पडल्या होत्या आणि पानाला दात लागला नव्हता.

मग तिसऱ्या, चौथ्या पावसाळ्यापर्यंत टेकडी बदलली. झुडपांच्या बुडाशी पाला अडला, पाल्यात माती अडली, मातीत गवत आलं. ते गवत शेळ्यांना चालायचं. गणपतीनंतर टेकडी पिवळी व्हायची. नवरात्रात गावच्या बायका पहाटेच्या एसटीने फुलांच्या टोपल्या घेऊन नाशिकला यायच्या, पंचवटीत बसायच्या. शहरातल्या नव्या सुना विचारायच्या, ‘‘हे कसलं फूल?’’ आणि म्हाताऱ्या बायका मधेच हात घालून ओंजळभर घ्यायच्या. आप्पांच्या वावरात मुरूम येणं बरंच कमी झालं. त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही. कांद्याची एक गोणी माझ्या घरी पोचती केली.

एवढ्यावर हे लिहिणं थांबवता आलं असतं. पण नंतर एक व्यापारी आला.

आधी तो सुकलेली फुलं घ्यायचा. त्यांचा चहा करतात म्हणे कुठेतरी. लोकांनी आनंदाने दिली. मग त्याने साल आणि मूळ मागितलं. गावाने उत्तर दिलं नाही. गावाने उत्तर दिलं नाही की काही लोक त्याला हो समजतात. एका सकाळी तो टेम्पो आणि मजूर घेऊन टेकडीच्या मावळतीच्या अंगाला आला आणि खोदायला लावलं. गाव बाजाराला गेलेलं. टेकडीवर होती फक्त हौसाबाई.

पुढचं मी दोघांकडून ऐकलं आहे. दोघांच्या सांगण्यात थोडा फरक आहे, पण गाभा एकच. हौसाबाई शेळ्या तिथेच सोडून खाली पळत आली, ती थेट आप्पांच्या कांदाचाळीत. आप्पा एकटेच सडका कांदा निवडत बसले होते.

‘‘आप्पा, डोंगर खोदताहेत.’’

आप्पांनी उत्तर द्यायला मधला माणूस शोधला. चाळीत कोणी नव्हतं. हे दोघंही सांगतात. हौसाबाई हसून सांगते, आप्पा न हसता.

शेवटी ते म्हणाले, ‘‘कोन?’’

‘‘टेम्पो घेऊन आलेत. तरवड मुळासकट काढत्यात.’’

‘‘तुझं काय जातं? तुझ्या शेळ्या तर तो खात नाय.’’

‘‘खात नाय म्हनून तर त्याच्याखाली गवत ऱ्हातं. आन् डोंगर सुटला, आप्पा, तर माझ्या घरावर नाय येनार. तुमच्या वावरात येनार.’’

आप्पा उठले. गुडघे दुखत होते, तरी वर चढले. ही मागे. मला वाटलं होतं तिथे आरडाओरडा झाला असेल. तसं काही झालं नाही. मजूर पेठ तालुक्यातले होते, रोजंदारीवर आलेले. त्यांना कोणाचं काय खोदतो आहोत याची कल्पना नव्हती. आप्पा दम खात एका दगडावर बसले आणि म्हणाले, ‘‘बाबांनो, हे आम्ही पेरलंय.’’ मजूर थांबले. त्यांतला एक वयस्कर माणूस म्हणाला, ‘‘तरवड कोन पेरतं?’’ आप्पा म्हणाले, ‘‘ही बाई. आन् मी.’’

हे ‘आन् मी’ काही खरं नव्हतं. आप्पांनी एक बीही टोचलं नव्हतं. हौसाबाईने ते खोडलं नाही. मला फोनवर सांगताना म्हणाली, ‘‘म्हनू द्या ताई. चढून आलते ना.’’

व्यापाऱ्याला गावाने बोलावून घेतलं. फुलं तोडा, शेंगा थोड्या ठेवा, साल आणि मुळाला हात नाही, असा ठराव झाला. तोपर्यंत मावळतीची बाजू अर्धी उकरून झाली होती. त्या पावसाळ्यात तिकडून मुरूम आला आणि आप्पांच्या वावराची एक पट्टी झाकून गेला. पुढच्या हंगामात शेंगा गोळा करायला निघालो, तेव्हा आप्पा पिशवी घेऊन आधीच वाटेवर उभे होते. चालताना हौसाबाईला म्हणाले, ‘‘तुझ्या शेळ्या हाकल त्या बांधावरून.’’ थेट तिलाच म्हणाले. तिने हाकलल्या.

ती बाजू मात्र पहिल्यासारखी कधीच भरली नाही. अजून तिथे टक्कल आहे. आमच्या संस्थेनेही तरवड दुसरीकडे कुठे नेला नाही. साहेब बदलले, कामं बदलली. मी निवृत्त झाले त्यानंतर रोपवाटिकाही बंद झाली. त्या जागेवर आता वाहनतळ आहे. मी तिकडून जाताना दुसऱ्या बाजूला बघते.

गेल्या वर्षी दिवाळीआधी आप्पांचा फोन आला. आवाज थकलेला. ‘‘मॅडम, या एकदा. तरवड मरतोय.’’

‘‘कुठला?’’

‘‘मधला. चांगला जुना. कीड दिसत नाय. तुम्ही बघा, काय औषध असंल तर.’’

गेले. हौसाबाई खालीच भेटली. मुलगी नर्स झाली आहे, शेळ्या आता मोजक्याच ठेवल्यात. तिघं हळूहळू वर चढलो, शेळ्या मागोमाग. मधल्या भागात आले आणि थांबले. हिवर उभे होते, माझ्या दुप्पट उंच. निंब होते. एक बोर होती. जिथे मी ट्रकने आणलेलं एकही रोप जगलं नव्हतं, तिथे कोणी न लावलेली झाडं आली होती. तरवडाच्या आडोशाला, त्याने धरलेल्या मातीत, निंब पाखरांनी टाकले होते. आणि हिवर? हिवराच्या शेंगा शेळ्या चघळतात, बी लेंडीतून पडतं. डोंगरावर हिवर लावले होते हौसाबाईच्या शेळ्यांनी. मी हे बोलून दाखवलं. हौसाबाईने पदर सावरला. आप्पा दुसरीकडे बघत होते.

तरवड मात्र खरंच वाळत होता. या झाडांच्या सावलीत सापडला होता. मी आप्पांना समजावलं. ‘‘ही कीड नाही. याचं काम झालं. उघड्या जमिनीवर हा पहिला येतो, दुसऱ्यांना जागा करून देतो आणि सावली झाली की जातो. झाडं आली, आप्पा. ह्यासाठीच तर सगळं केलं.’’

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘म्हंजे ऊन मिळालं तर जगंल?’’

‘‘जगेल थोडी वर्षं. पण आप्पा...’’

त्यांनी हौसाबाईकडे हात केला. तिने कमरेचा कोयता काढून दिला. शेळ्यांसाठी पाला तोडायला तो तिच्याजवळ असायचाच. आप्पा हिवराच्या बुंध्याला टेकून उभे राहिले आणि पहिली खालची फांदी तोडली. ती पडायच्या आत शेळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या.

‘‘झाड चांगलं आहे हो,’’ मी म्हटलं.

‘‘चांगलंच हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पन ह्याच्या आधीपासनं तो हाय.’’

मी आयुष्यभर झाडं वाढवली. छाटताना बुंधा सोलू नये, चुकीच्या जागी घाव पडू नये, याची मला काळजी होती. म्हणून मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, झाडाखाली गेले, वर बघितलं आणि आप्पांना पुढची कोणती फांदी तोडायची ते दाखवलं.